घरचे म्हणतात रूम बदल

पत्र थोडक्यात: लिहिणारी मुलगी २० वर्षांची, बीड जिल्ह्यातल्या एका गावातली, मराठा. संभाजीनगरात रूम करून राहते, पोलीस भरती आणि कंबाईनची (एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेची) तयारी करते. रूमवर सोबत तिच्याच गावातली मैत्रीण आहे, वंजारी, पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या दोघी. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा जीआर, म्हणजे निजामकाळच्या नोंदींवरून मराठवाड्यातल्या मराठ्यांना कुणबी (ओबीसी) दाखला द्यायचा सरकारी निर्णय, निघाला त्या रात्री हिने गुलालाचा फोटो स्टेटसला ठेवला, 'लढा जिंकला'. अर्ध्या तासात मैत्रिणीचं स्टेटस आलं, 'आमच्या ताटातलं ओढून घेतलं'. त्यावर दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून रूमवर कुकर दोन लागतात, शेगडी एकच, आधी ती करते मग ही. गावात मैत्रिणीच्या वडिलांचं किराणा दुकान आहे, तिथून माल घ्यायचा नाही असं २०२४ च्या लोकसभेनंतर गल्लीत ठरलं, हिच्या घरीही ते पाळतात. चुलतभाऊ आंदोलनात आहे, तो म्हणतो त्या पोरीसोबत राहतेस, लोक आम्हाला विचारतात. पप्पा म्हणतात एक तारखेच्या आत रूम बदल. ती विचारते: ताई, रूम सोडू का? नाही सोडली तर मी समाजाशी गद्दारी केल्यासारखं होतं का? का गावातल्या निवडणुका होऊन वातावरण थंड व्हायची वाट बघू? आधी आमच्या गावात असलं काहीच नव्हतं, सगळे मिळून राहायचे, मग हे एकदम कुठून आलं?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं बाळा. रूमचं भाडं, पप्पांचं म्हणणं, दादाचं म्हणणं, सगळं नीट लिहिलंस, पण मला सारखी ती शेगडी दिसत राहिली. दोन पोरी, दहा बाय दहाची खोली, एकीच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दुसरी पुस्तकात डोकं घालून बसते, मग उठते, पहिलीचा कुकर खाली उतरवते आणि आपला लावते, आणि दोन्ही कुकरमध्ये तेच तुरीचं वरण. हे तीन महिने चाललंय म्हणजे तुम्हा दोघींनाही हे सोपं जात नाहीये. ज्याला खरंच संबंध नको असतो तो एवढे दिवस असा राहत नाही, तो पहिल्याच आठवड्यात गॅसची टाकी अर्धी-अर्धी करायचा हिशोब काढतो. तिनेही काढला नाही आणि तूही नाही. हे आधी लक्षात घे, मग बाकीचं बोलू.

आधी त्या दोन स्टेटसबद्दल. मला वाटतं तुमच्यातलं भांडण तिथे आहे, आरक्षणात नाही. तू गुलाल ठेवलास, मला कळतं का ठेवलास. २९ ऑगस्टपासून मुंबईत आझाद मैदानावर मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांचं उपोषण, पावसात बसलेली गावाकडची माणसं, घराघरातून गेलेल्या भाकरी आणि ठेचा, त्यात तुझ्या मम्मीच्या हातच्याही असतील. आणि त्याच्याही मागे किती वर्षं आहेत बघ, २०१६ चे मूक मोर्चे निघाले तेव्हा तू अकरा वर्षांची, २०१८ ला मराठा आरक्षणाचा कायदा झाला, ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, मग १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत आंदोलकांवर लाठीमार. तुझं सगळं कळतं वय याच बातम्या ऐकत गेलं. त्या रात्री आनंद झाला तर त्यात चूक काय.

पण तुझ्यापासून चार फुटांवर जी झोपली होती तिच्या मोबाईलवर त्या रात्री वेगळं काहीतरी चाललं होतं. तिच्या घरच्या ग्रुपवर, तिच्या मामांच्या फोनवर, सगळीकडे एकच की आपलं गेलं. २०२४ च्या जूनमध्ये वडीगोद्रीला ओबीसी आरक्षण वाचवायला लक्ष्मण हाकेंचं उपोषण झालं, अंतरवालीपासून हाकेच्या अंतरावर, तिथे बसलेली माणसंही शेतातून उठूनच आली होती ना. तुला जो जिंकल्याचा दिवस वाटला तो तिला काढून घेतल्याचा वाटला, आणि दोघींनी ते एकमेकींना तोंडाने सांगायच्या ऐवजी तीनशे-चारशे लोकांना सांगितलं आणि आपल्याच रूममेटने ते बाकीच्या लोकांसारखं फोनवर वाचलं. मला विचारशील तर तिला लागलं असेल ते इथे लागलं असेल, आणि तुलाही.

आता ते ताटातलं ओढलं म्हणजे काय हे जरा बघू, कारण दोघी स्पर्धा परीक्षेवाल्या आहात आणि ही आकडेवारी तुम्हाला पाठच असणार, फक्त भांडणात ती कोणी काढत नाही. राज्याच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना १३ टक्के, जमातींना ७, ओबीसींना १९, विमुक्त जाती-भटक्या जमातींना मिळून ११ आणि विशेष मागास प्रवर्गाला २, झाले ५२. त्यावर फेब्रुवारी २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला एसईबीसीचे (सामाजिक-शैक्षणिक मागास) १०, आणि खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांना ईडब्ल्यूएसचे १० वेगळे. एसईबीसीच्या कायद्याला हायकोर्टात आव्हान दिलेलं आहे ते वेगळं. कुणबी प्रमाणपत्र मिळालं की माणूस त्या १९ मध्ये येतो. तुझी मैत्रीण राज्याच्या भरतीत एनटी-डी मध्ये, म्हणजे भटक्या जमाती (ड), त्या ११ मधले तिचे २ टक्के वेगळे आहेत, त्या २ मध्ये कुणबी प्रमाणपत्रवाला येत नाही. म्हणजे पोलीस भरतीच्या मैदानावर तू तिच्या राखीव जागेवर पळत नाहीस आणि ती तुझ्या.

हे वाचून लगेच तिला जाऊन दाखवू नकोस की बघ, तू उगाच रडलीस. थांब. कारण तिची भीती पूर्ण खोटी नाही. केंद्राच्या यादीत वंजारी आणि कुणबी दोन्ही ओबीसीतच आहेत, तिथे ताट एकच. आणि गावात म्हणशील तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद इथे जे मागास प्रवर्गाचं २७ टक्के आहे त्यात ओबीसी आणि भटके-विमुक्त सगळे एकत्र येतात, तिथे कुणबी प्रमाणपत्रावर उभा राहिलेला माणूस तिच्या काकांच्या समोर उभा राहू शकतो. गावातल्या माणसाला कंबाईनच्या जागेपेक्षा सरपंचपदाची जागा जवळची वाटते, ती रोज दिसते. आणि तुझ्या बाजूनेही, जीआर निघाला म्हणजे उद्या सगळ्यांच्या हातात दाखला असं नाहीये, जमिनीचा किंवा त्या भागात राहिल्याचा पुरावा, प्रतिज्ञापत्र, गावपातळीवरची समिती, मग पडताळणी, एवढ्यातून जायचंय. तू गुलाल उधळलास तेवढं जिंकलेलं नाहीस आणि ती रडली तेवढं तिचं गेलेलं नाही. दोघींनी मिळून तो जीआर एकदा वाचा, खरंच. फार मोठा नाहीये, कंबाईनच्या अभ्यासात याच्यापेक्षा रटाळ कागद तुम्ही वाचता.

पत्रात तू अजून एक लिहिलंस, आधी आमच्या गावात असलं काहीच नव्हतं. हे वाक्य मला फार जण लिहितात. मी तुला खोटं पाडत नाही, तुझं लहानपण तसंच गेलं असेल. पण एकदा नीट आठव की गावात पाणी कोणत्या आळीला आधी यायचं, तुझ्या घरी तिच्या पप्पांचं नाव घेताना मागे काही लावायचे का, दुकानात उधारी मागायला जायची तेव्हा कोण ओट्यावर बसायचं आणि कोण उभं राहायचं. आणि हेही आठव की ती लहानपणी कधी काही बोलायला गेली आणि गप्प बसली असं झालंय का. तिलाही तिच्या घरात मराठ्यांबद्दल काय काय ऐकू आलं असेल, ते तिने तुला कधी सांगितलं नसेल, तुझ्यासाठीच नसेल सांगितलं. आधी सगळं छान होतं आणि २०२३ नंतर एकदम बिघडलं असं धरलं की मग बिघडवणारा एक कोणीतरी शोधावा लागतो आणि तो सापडतोही लगेच, पलीकडच्या गल्लीत. त्यापेक्षा असं धर की चांगलंही होतं आणि न बोललेलंही होतं, आता ते न बोललेलं मोठ्या आवाजात बोललं जातंय.

आणि मोठा आवाज का होतोय? तू स्वतःच लिहिलंस, मधेच, एका ओळीत, जणू काही त्याचा या सगळ्याशी संबंधच नाही, की सप्टेंबरच्या अतिवृष्टीत तुमचं सोयाबीन गेलं आणि पंचनाम्याच्या यादीत तुझ्या पप्पांचं आणि तिच्या पप्पांचं नाव एकाच पानावर होतं. तिचे चुलते-चुलती दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याला जातात हेही तूच लिहिलंस आणि तुझा मामाही जातो. मुकादमाची उचल दोघांनी घेतलेली, फडात पाचट दोघांच्या अंगाला लागतं. मला त्या यादीचं पान बघायला आवडेल. वाटण्या होऊन होऊन शेत राहिलं दोन-तीन एकर, सोयाबीनचा २०२४ चा हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल आणि बाजारात लोकांनी चार हजाराच्या आसपास विकलं, मग घरातून एक तरी पोरगं सरकारी नोकरीत लागलं पाहिजे म्हणून दोन्ही घरांनी पोरींना संभाजीनगरला पाठवलं, हे काही लहान पाऊल नाही बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे अजून पोरींची लग्नं वेळेआधी उरकतात. जागा कमी आहेत आणि रांगेत दोन्ही गल्ल्या उभ्या आहेत. रांग लांबली की पुढच्याचा राग येतो, खिडकी बंद का आहे ते कोणी विचारत नाही.

आता वाट बघण्याचं. इथे मला माझं सांगावं लागेल.

मी परभणीकडची. जानेवारी १९९४ ला मी दहावीत होते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचा, नामांतराचा लढा कितीतरी वर्षं चाललेला, १९७८ मध्ये मराठवाड्यात दलित वस्त्यांवर काय काय झालं ते आम्ही लहान होतो म्हणून आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार जाहीर झाला, नेमकी संक्रांत. माझ्यासोबत शाळेत जाणारी, डबा बदलून खाणारी एक मैत्रीण बौद्ध वस्तीत राहायची. दर संक्रांतीला मी स्टीलच्या छोट्या डबीत तिच्यासाठी तिळगूळ न्यायचे, ती डबी धुवून परत देताना त्यात शेंगदाणे घालून द्यायची. त्या दिवशी डबी भरून ठेवलेली आणि आई म्हणाली, काही दिवस तिकडे जाऊ नको, वातावरण निवळू दे. आई वाईट नव्हती, घाबरलेली होती, चौकात पोलीस उभे होते. मी म्हटलं ठीक आहे. आठवडाभराने शाळेत ती दुसऱ्या बाकावर बसली होती. मला वाटलं ती रागावली, तिला वाटलं असेल मी मुद्दाम आले नाही. कोणी कोणाला विचारलं नाही. मार्चमध्ये परीक्षा झाली, शाळा संपली. तिच्याकडे त्या दिवशी आनंदाचा केवढा दिवस होता आणि मी तिच्या दारात गेले नाही, हे मला कळायला पुढे बरीच वर्षं गेली. वातावरण तर महिनाभरात निवळलं होतं. ती डबी अजून माझ्याकडे आहे.

म्हणून मी तुला निवडणुका होऊ दे असं सांगणार नाही. आत्ता जिल्हा परिषदेचं होईल, मग ग्रामपंचायतीचं येईल, मग कोर्टाची एखादी तारीख येईल, त्यानंतर परत कोणाचं तरी उपोषण. तुझ्या वयाची सगळी वर्षं यातच जाणार आहेत.

गद्दारीचं म्हणशील तर, तू मोर्चाला जा, आरक्षण मिळालं पाहिजे असं तुझं मत असेल तर ते ठेव, ठासून ठेव, तो तुझा हक्क आहे आणि तुझ्या घरची गरज आहे. ती तिच्या लोकांच्या मेळाव्याला जाईल. पण मागणी सरकारकडे आहे ना? तिच्या पप्पांच्या दुकानातली साखर न घेतल्याने एकाही पोराला दाखला मिळणार नाही, आणि ज्या दुकानाने सोयाबीन विकेपर्यंत उधारी थांबवली त्या दुकानाचं मात्र नुकसान होईल. मी हे दोन्ही बाजूंना म्हणते, कारण पलीकडच्या गल्लीतही कोणीतरी ठरवलंच असेल की यांच्या कोणाकडे पीठ दळायचं नाही.

तर रूम. माझं मत सोडू नको असं आहे, पण ते तू एकटीने ठरवायचं नाही, तिला विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. कदाचित तिच्या घरूनही हेच चाललं असेल, तिलाही एक तारीख दिली असेल. तिला खरंच वेगळं राहायचं असेल तर तेही मान्य कर, शेजारच्या गल्लीत रूम घेऊन चांगल्या राहणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्यात. फक्त ते बोलून व्हावं, सामान उचलून नाही.

बोलायचं तर व्हॉट्सअॅपवर नको, आणि रात्री झोपताना पण नको, तेव्हा सगळंच जड वाटतं. सकाळी ग्राउंडवरून पळून याल तेव्हा चहाला बसा. पहिलं वाक्य जीआरबद्दल नको. माझ्या स्टेटसने तुला वाईट वाटलं का एवढंच विचार, आणि ती बोलायला लागली की मधे तोडू नको, 'पण तुमचे लोक' असं म्हणायची पाळी येईल तेव्हा चहाचा घोट घे. तिने 'तुमचे लोक' म्हटलं तरी. मग तुझं सांग. रूमवर एक ठरवून टाका, कोणत्याही पुढाऱ्याचं भाषण मोठ्या आवाजात लावायचं नाही, हेडफोन आहेत, आणि समाजाबद्दल स्टेटस ठेवायचं असेल तर आधी समोरचीला दाखवायचं. परवानगीसाठी नाही, माहीत असावं म्हणून. हे मी आणखी काही पोरापोरींना सांगितलंय ज्यांची अशीच पत्रं आली, जालन्याकडून, परभणीकडून, एक तर पुण्यातल्या कंपनीत एका टीममध्ये बसणाऱ्या दोन मित्रांचं. ज्यांनी बोलून ठरवलं त्यांचं बऱ्यापैकी चाललंय.

पप्पांशी बोलताना समाजावर वाद घालू नको, तिथे तू हरशील आणि तेही दुखावतील. त्यांची भीती काय आहे ते बघ. गल्लीत मान खाली जाईल ही एक, आणि पोरगी शहरात एकटी आहे ही दुसरी. दुसरीवर बोल. नवी रूम म्हणजे नवं डिपॉझिट, अनोळखी मुलगी, परीक्षेच्या तोंडावर दोन आठवडे वाया. हिच्या घरचे आपल्याला तीन पिढ्या माहितीयेत, रात्री अभ्यासिकेतून परत येताना आम्ही दोघी असतो. अशा कारणाने बापाला माघार घ्यायला जागा मिळते, गल्लीत सांगायलाही बरं पडतं. आणि आधी मम्मीशी बोल. ज्या बाईने आंदोलनाला भाकरी बडवून पाठवल्या तिला कोणी समाजद्रोही म्हणणार नाही, ती पप्पांना जे सांगू शकेल ते तू नाही सांगू शकत.

दादाला उत्तर द्यायच्या फंदात पडू नको. ग्रुप म्यूट कर, सोडू नको, सोडलास की तीच बातमी होते. पण कोणी तुझा किंवा तिचा फोटो टाकून काही लिहिलं, धमकी दिली, तर स्क्रीनशॉट काढून ठेव आणि घरातल्या मोठ्या माणसाला दाखव, गरज पडली तर पोलिसांत जा, तिथे एकटीने शूरपणा करायचा नाही. दादाला मात्र कधी शांतपणे एवढं सांग, की ३० ऑक्टोबर २०२३ ला बीडमध्ये पुढाऱ्यांची घरं पेटली, संचारबंदी लागली, नेट बंद झालं आणि त्यानंतर किती पोरांवर गुन्हे दाखल झाले. भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो कागद निघतो. फॉरवर्ड करणाऱ्या पुढाऱ्याचा मुलगा भरतीला उभा नसतो.

दुकानाचं. यावर मी तुला जबरदस्ती करणार नाही, घर चालवणारी तू नाहीस. पण सुट्टीत गावी गेलीस की एकदा स्वतःच्या पैशाने, दिवसाढवळ्या, दोन पारले आणि चहापत्ती आणायला तिच्या पप्पांच्या दुकानात जा. काका म्हणतेस ना त्यांना, काका म्हणूनच हाक मार. ते कदाचित नीट बोलणार नाहीत, त्यांचाही दीड वर्षाचा राग आहे. सुट्टे पैसे घे आणि ये.

एक तारखेला अजून काही दिवस आहेत. उद्या तिचा कुकर शेगडीवर चढायच्या आधी विचार, आज एकच लावू का. ती नाही म्हणाली तर तुझा नंतर लाव आणि परवा परत विचार. काय झालं ते मला लिही.